घरामागं वेल्डिंगचं शेड टाकताना: कनेक्शन, अर्थिंग, डोळे आणि बाकी सगळं

आमच्या भागात कुणी वेल्डिंगचा छोटा धंदा काढायचं म्हटलं की पहिलं काम म्हणजे बेळगावला जाऊन मशीन आणणे. बाकीचं मागनं बघू म्हणतात, आणि ते मागनं काही बघितलं जात नाही. मी मशीन सगळ्यात शेवटी घेतलं. आधी शिकणं, मग कागद, मग अर्थिंग, मग शेड, मग अंगावरचं सामान आणि मग मशीन. जानेवारीत ठरवलं आणि जुलै संपता संपता स्वतःच्या शेडमध्ये पहिला रॉड लावला, म्हणजे वेळ लागतो, पण त्या वेळात काय काय होतं हे कुणी लिहून ठेवलेलं मला कुठं सापडलं नाही म्हणून हे लिहितेय. बायकांना तर जास्तच उपयोग होईल कारण काही गोष्टी फक्त आपल्यालाच अडतात.

आमचं गाव बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या बाजूला. घरची शेती, दोन ट्रॅक्टर ट्रॉल्या. भाऊजी म्हणजे माझे दीर ट्रॉल्या बघतात, हंगामात कारखान्याला ऊस वाहतात, आणि हंगामातच ट्रॉलीचं काही ना काही मोडतं, कधी हुक तडकतो, कधी फाळक्याचं बिजागर निघतं, तळाचा पत्रा तर दर वर्षी सडतो. मोडलं की उद्यमबागला, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, न्यायचं, तिथं नंबर लागेपर्यंत थांबायचं, तोवर खेप गेली. मी इतकी वर्षं ब्लाऊज शिवत होते, हाताला माप आणि नजरेला सरळ रेघ दोन्हीची सवय. 2025 च्या संक्रांतीला सगळे घरी होते तेव्हा मी म्हटलं की हे काम मी शिकते. हे लगेच हो म्हणाले. सासूबाई गप्प बसल्या, मग रात्री म्हणाल्या, डोळ्याचं आणि करंटचं आधी बघ, मग काय ते कर. त्यांची भीती बरोबर होती. गावात पूर्वी रिकामा बॅरल कापताना एकाचा हात गेलाय, ते त्यांनी बघितलेलं.

शिकायचं कुठं? आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे, आठवी पास चालतं, ज्याला नोकरी करायचीय त्यानं तोच करावा कारण सर्टिफिकेट लागतं. दुसरं म्हणजे बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असतात, शिकवणं जेवण राहणं फुकट, त्यांच्या यादीत वेल्डिंग-फॅब्रिकेशनचा कोर्स आहे, पण बॅच कधी सुरू होणार ते आधी विचारून घ्यावं लागतं. माझ्या वेळेला जुळलं नाही. मग भाऊजींच्या ओळखीनं उद्यमबागमधल्या एका छोट्या शॉपमध्ये जायला लागले, तिथले अण्णा साठीच्या पुढचे, आयुष्य फाउंड्रीत आणि फॅब्रिकेशनमध्ये गेलं. महिन्याला तीन हजार रुपये देऊन, सकाळी घरचं आवरून दहा ते दोन.

अण्णांनी मला बरेच दिवस होल्डर, म्हणजे रॉड धरायची मूठ, हातात दिलाच नाही. आधी रोज सकाळी मशीनची तपासणी. केबल हातानं चाचपत जायची, कुठं फुगलीय, कुठं साल निघालीय, कुठं टेप मारलाय. होल्डरची प्लॅस्टिकची टोपी तडकलीय का. लगची, म्हणजे केबलच्या टोकाच्या कडीची, नट ढिली आहे का, ढिली असली की तिथं तापतं आणि केबल जळते. एक दिवस त्यांनी मला एक जुना होल्डर दाखवला, वरनं धड दिसत होता, खरं त्यांनी अंगठ्यानं दाबल्यावर आतली पितळ चकाकली, टोपीला केसाएवढी चीर होती. "वैनी, हे घामाच्या हातानं धरलं तर काय होईल?" म्हणाले आणि मल्टीमीटर लावून दाखवलं. रॉड कुठं टेकलेला नसताना होल्डर आणि जॉबला, म्हणजे जोडायच्या लोखंडाला, लावायच्या क्लॅम्पमध्ये सत्तरच्या आसपास व्होल्ट. जाळ पेटला की ते वीस-पंचवीसवर येतं, पण आपण रॉड बदलतो तेव्हा जाळ नसतो, म्हणजे नेमकं हात लावायच्या वेळेला व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं. सत्तर व्होल्ट म्हणजे काही नाही असं लोक म्हणतात. कोरड्या हाताला चटका बसून सुटत असेल, पण घामानं भिजलेला शर्ट, ओला हातमोजा, खाली ओली फरशी किंवा लोखंडाच्या ट्रॉलीत आत शिरून बसलेला माणूस, यात तेवढंच जीव घ्यायला पुरतं. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनचा एसी करंट तर जास्त धोक्याचा, नवं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन डीसी देतं म्हणून थोडं बरं, पण थोडंच.

म्हणून मला लावलेली पहिली सवय अशी की रॉड बदलायचा तो कोरड्या चामडी हातमोज्यातच. उघड्या हातानं कधीच नाही, घाई असली तरी नाही. आणि होल्डर काखेत धरायचा नाही. बरेच जण दोन्ही हात मोकळे पाहिजेत म्हणून काखेत दाबतात, आणि काखेत घाम असतो.

फेब्रुवारी संपताना हातात होल्डर आला. आधी साध्या लोखंडाला लागणारा 6013 चा अडीच एमएमचा रॉड, सत्तर-ऐंशी अँपिअरवर, मग 3.15 चा शंभर-एकशे दहावर. चिकटणं, ओढणं, आवाज ओळखणं, ते सगळं सरावानं येतं, त्यावर मी फार लिहीत नाही. डोळ्यांचं मात्र लिहिते.

आमच्याबरोबर एक पोरगा शिकायला होता, विशीतला. तो टॅक, म्हणजे जोड धरून ठेवायचा छोटा टाका, मारायच्या वेळेला स्क्रीन, म्हणजे तोंडापुढची काळ्या काचेची ढाल, न घेता नुसता डोळे मिटून मान फिरवायचा, बरेच कारागीर तसंच करतात. शिवाय दुसऱ्याचं काम चालू असताना शेजारी उभा राहून गप्पा. दिवसभर त्याला काही झालं नाही. रात्री अकरा-साडेअकराला डोळ्यात वाळू टाकल्यासारखं सुरू झालं, पाणी थांबेना, दिवा सहन होईना, घरच्यांनी बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, कुणी दूध घाल म्हणालं. सकाळी भावानं हात धरून डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी सांगितलं ते त्यानं आम्हाला येऊन सांगितलं: जाळातल्या अतिनील किरणांनी डोळ्याची वरची पातळ कातडी भाजते, उन्हात पाठ भाजते तसंच, आणि दुखणं सहा ते बारा तासांनी सुरू होतं म्हणून माणसाला कळतच नाही कशानं झालं. बहुतेकांचं एक-दोन दिवसात बरं होतं. दूध, बटाटा, मध काहीही डोळ्यात घालायचं नाही, जखमेत घाण जाते. आणि मेडिकलमधनं बधिर करायचे थेंब आणून घरी घालत राहायचे नाहीत, दुखणं थांबतं पण जखम भरायची थांबते. थंड पाण्याची पट्टी मिटलेल्या डोळ्यावर, अंधारी खोली, डोळे चोळायचे नाहीत आणि डॉक्टर.

काचेचे नंबर असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. साठ ते एकशे साठ अँपिअरच्या कामाला दहा नंबर चांगला, त्याच्या वर अडीचशेपर्यंत बारा. बाजारात साध्या स्क्रीनला बहुतेक वेळा अकरा नंबरची काळी काच असते, आमच्या कामाला ती चालते. काळ्या काचेच्या पुढं एक साधी पांढरी काच असते, ती ठिणग्यांनी खडबडीत झाली की दहा-वीस रुपयांची काच बदलायची, नाहीतर दिसत नाही म्हणून माणूस स्क्रीन वर करतो. गॉगल घालून वेल्डिंग करणारे आपल्याकडं ढीगभर आहेत. गॅस कटिंगचा गॉगल म्हणजे पाच-सहा नंबर, तो यासाठी नाही, आणि चेहरा मान सगळं उघडं राहतं ते वेगळंच.

मार्च-एप्रिलमध्ये शिकणं चालू असतानाच कागदांना हात घातला, आणि हे सगळ्यात लांबणारं काम असतं त्यामुळं हे आधी सुरू करा. गावात लाईट ऑफिसला सगळे अजून जुन्या नावानं केईबीच म्हणतात, आता ती वीज कंपनी आहे हेस्कॉम. घरच्या मीटरवर वेल्डिंग चालवायचं नाही हे मी आधीच ठरवलेलं. एक तर घराचं मीटर कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेतलं, 200 युनिटच्या मर्यादेतली फुकट वीज ही घरगुती वापरासाठीच आहे. दुसरं, घरगुती कनेक्शनवर धंदा केला तर 2003 च्या वीज कायद्याच्या 126 कलमाखाली दुप्पट दरानं आकारणी होऊ शकते. आणि तिसरं म्हणजे घरातली वायरिंग तेवढा करंट सोसणारी नसते. 3.15 च्या रॉडला साधारण इन्व्हर्टर मशीन वीस अँपिअरच्या आसपास ओढतं, घरच्या सोळा अँपिअरच्या प्लगात ते लावलं की प्लग पिवळा पडतो, मग काळा, आणि मग एक दिवस भिंतीतनं धूर.

तर उद्योगाच्या दराचं, म्हणजे एलटी-5 वर्गाचं कनेक्शन, 5 एचपी. अर्ज सरकारमान्य लायसन असलेल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरमार्फत करावा लागतो, वायरिंग पूर्ण झाल्याचा आणि टेस्टिंगचा रिपोर्ट त्याच्या सहीचा लागतो. म्हणून पहिला प्रश्न कॉन्ट्रॅक्टरला विचारायचा तो लायसन नंबरचा. आमच्याकडचा माणूस ओळखीचा होता, त्यानं कागदांची यादी दिली: जागेचा उतारा, आधार, फोटो, ग्रामपंचायतीचं परवानगीपत्र, शेजाऱ्याच्या मीटरचा आरआर नंबर, म्हणजे बिलावरचा ग्राहक नंबर. जागेचा उतारा म्हणजे पंचायतीचे फॉर्म नऊ आणि अकरा, ई-स्वत्तू या पंचायतीच्या मिळकतीच्या ऑनलाईन नोंदीतनं निघतात. आमचं तिथंच अडलं, कारण जागा अजून सासऱ्यांच्या नावावर. ते जाऊन वर्षं झाली. वारसाची नोंद, मग दोन्ही भावांची आणि नणंदेची संमती स्टॅम्पपेपरवर, नोटरी. नणंद निपाणीला असते, तिच्या सवडीनं सही. यातच एप्रिल गेला आणि मे अर्धा गेला. ज्यांच्या जागेवर वडिलांचं किंवा आजोबांचं नाव आहे त्यांनी धंद्याचा विचार डोक्यात आला की आधी वारसनोंद करून घ्यावी, पुढं काहीही करायचं असलं तरी ती लागतेच.

फॉर्म कन्नडमध्ये. मी मराठी शाळेतली, कन्नड बोलायला येतं, वाचायला अडखळत येतं, लिहायला नको. शेजारचा डिग्रीला असलेला पोरगा बसून भरून द्यायचा, आणि मी प्रत्येक फॉर्मचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायचे की कुठल्या रकान्यात काय लिहिलंय. दुसऱ्या ठिकाणी तेच परत भरायला लागलं तेव्हा तो फोटो फार कामाला आला. नावाचं स्पेलिंग आधारवर एक, उताऱ्यावर एक असं असेल तर तेही सुरुवातीलाच बघा, इंग्रजीतनं कन्नडमध्ये जाताना आमच्या आडनावांचं काय वाटेल ते होतं. पंचायतीत पीडीओंनी, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांनी, विचारलं की आवाजाची आणि ठिणग्यांची शेजाऱ्यांना तक्रार नाही ना, मी शेजारच्या दोन्ही घरांच्या सह्या आधीच घेऊन गेले होते, तिथं लगेच काम झालं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, घरी मोबाईलवरच केली, आधार आणि पॅन लागतं, एक पैसाही लागत नाही. त्याचे पाचशे-हजार मागणाऱ्या वेबसाईटी दिसतील, त्या सरकारच्या नाहीत.

डिपॉझिट आणि बाकी भरणा मिळून साडेसात हजारांच्या आसपास गेले, कॉन्ट्रॅक्टरचे तीन हजार वेगळे. भरल्यावर मीटर बसायला जूनचा दुसरा पंधरवडा उजाडला, मध्ये पाऊस सुरू झाला आणि लाईनमन लोक पडलेल्या फांद्या आणि तारांच्या मागं होते, त्यांचंही बरोबर आहे. खांबावरचं काही असेल तर स्वतः काठी घेऊन जायचं नाही, 1912 ला फोन करायचा.

मीटर येईपर्यंत अर्थिंगचं काम केलं आणि यावर मी सगळ्यात जास्त डोकं घातलंय. वेल्डिंगवाले जॉबला लावायच्या क्लॅम्पला अर्थिंग म्हणतात, त्यामुळं कुणाला विचारलं अर्थिंग आहे का तर तो क्लॅम्प दाखवतो. ती तार करंट मशीनकडं परत न्यायला असते, माणूस वाचवायला नव्हे. माणूस वाचवणारं अर्थिंग म्हणजे मशीनच्या पत्र्याच्या डब्यापासनं जमिनीतल्या खड्ड्यापर्यंत जाणारी हिरवी तार. आतली फेजची वायर सुटून डब्याला लागली तर करंट तिकडनं जमिनीत जायला पाहिजे, तुमच्यातनं नाही.

परड्यात जिथं भांडी घासल्याचं पाणी जातं त्याच्या कडेला, माती कायम ओलसर राहते म्हणून, दहा फूट जीआय पाईप, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाईप, घातला. वरची माती मऊ, खाली मुरूम, खणायला दोन माणसं लागली. कॉन्ट्रॅक्टरनं अर्थ टेस्टरनं मोजलं तर नऊ ओहम, आणि हा आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं. तो म्हणाला चालतंय. मी अण्णांना फोन केला, ते म्हणाले पाचाच्या खाली आण वैनी, मग बघू. मग पहिल्या पाईपपासनं दहा-बारा फुटांवर दुसरा पाईप घातला, दोन्ही पट्टीनं जोडले, आकडा साडेतीनवर आला. दोन खड्ड्यांत निदान पाईपच्या लांबीएवढं अंतर पाहिजे, जवळजवळ घातले तर दुसऱ्याचा उपयोग होत नाही. दोन्ही मिळून 6,800 रुपये. कॉन्ट्रॅक्टरला मोजून दाखव म्हणायला लाजू नका, टेस्टर त्याच्याकडं असतोच, आणि आकडा तारखेसकट वहीत लिहून घ्या.

मीटरपासनं शेडपर्यंत सहा स्क्वेअर एमएमची कॉपर केबल, शेडमध्ये वेगळा बोर्ड, 32 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा स्विच, 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पडणारा स्विच, आणि निळा तीन पिनांचा 32 अँपिअरचा इंडस्ट्रियल सॉकेट. सगळं मिळून साडेअकरा हजार. आरसीसीबीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, मलाही ती अण्णांनी दोनदा समजावली: ती मशीनच्या येणाऱ्या बाजूचा करंट बघते. ग्राइंडरची वायर तुटली, मशीनची इनपुट केबल ट्रॉलीखाली चिरडली, तर ती पाडेल. पण होल्डरच्या बाजूचा शॉक तिला कळतच नाही कारण मशीनच्या आत दोन्ही बाजू वेगळ्या असतात. म्हणून आरसीसीबी आहे म्हणून ओल्या मोज्यानं रॉड बदलायला गेलात तर ती वाचवणार नाही. तिथं फक्त कोरडा हातमोजा, कोरडा बूट आणि पायाखाली कोरडी फळी किंवा रबराची मॅट. आमच्याकडचा जुलैचा पाऊस माहीत आहे, शेडच्या फरशीला घाम फुटतो, मी लाकडाच्या फळ्यांवर रबर टाकून उभी राहते.

शेड म्हणजे तीन बाजूंनी अर्धी भिंत, वर पत्रा, एक बाजू उघडी. सगळ्यात मोठं काम म्हणजे पिंजराची वळी, म्हणजे भाताच्या पेंढ्याची गंजी, हलवणे. ती शेडपासनं पंधरा फुटांवर होती. ठिणग्या पस्तीस फुटांपर्यंत जाऊ शकतात, आणि त्या उडत जातात तशा घरंगळतही जातात, फटीत जाऊन बसतात आणि तास-अर्ध्या तासानं धूर येतो. वळी रस्त्याच्या पलीकडच्या तुकड्यात नेली. सिलेंडर, मोटारसायकल, भाऊजींचे डिझेलचे कॅन, पेंटचे डबे सगळं बाहेर. सहा किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक 2,100 रुपये, दाराजवळ टांगला, आत कोपऱ्यात नाही, कारण आग लागली की आपण दाराकडंच पळतो. शेजारी वाळूच्या दोन बादल्या. काम बंद केल्यावर अर्धा-एक तास शेड सोडायचं नाही, त्या वेळात मी ग्राइंडिंग न करता हिशेब लिहिते, झाडते.

उघड्या बाजूला जाड गडद पडदा लावला कारण गल्लीतली पोरं जाळाकडं टक लावून बघतात. पोरांना ओरडून काही होत नाही. पडदा लावला की विषय संपला. आतला रंगही चकचकीत पांढरा न देता मळकट राखाडी दिला, पांढऱ्या भिंतीवरनं उजेड उलटून स्क्रीनच्या मागनं डोळ्यात येतो.

आता अंगावरचं. बाजारातलं सगळं सामान पुरुषांच्या मापाचं. चामडी हातमोजे मोठे होतात आणि मोठ्या मोज्यात होल्डर घट्ट धरता येत नाही, तीन-चार दुकानं फिरून लहान मापाचे मिळाले, 380 रुपये. चामडी अ‍ॅप्रन 650 चा, पट्टे मी घरीच कापून शिवले. खाकी जाड सुती ड्रिलचं कापड आणून शर्ट-पँट स्वतः शिवली, खिशाला झाकण, बाही मनगटापर्यंत आणि पँटला खाली दुमड नाही, दुमडीत ठिणगी बसते. पँट बुटाच्या बाहेर. नायलॉन, पॉलिस्टर, लेगिंग, सिंथेटिक ओढणी अंगावर असेल तर शेडमध्ये यायचंच नाही, ते कापड नुसतं जळत नाही, वितळून कातडीला चिकटतं. केसांना सुती फडकं घट्ट.

आणि दागिने. अंगठी, जोडवी, मंगळसूत्र, बांगड्या काढायच्या. होल्डरचा करंट अंगठीतनं गेला की अंगठी लाल होते, बोटात असतानाच. काचेच्या बांगड्यांचा करंटशी संबंध नाही, पण मोज्यात फुटल्या तर मनगट कापतात. मला वाटलं होतं सासूबाई यावर काहीतरी बोलणार. पहिल्या दिवशी मी देवघरापुढच्या वाटीत सगळं काढून ठेवलं, त्यांनी बघितलं, आणि दुसऱ्या दिवसापासनं सकाळी ती वाटी त्याच घासून माझ्यापुढं ठेवतात.

बूट 1,250, चिप करताना घालायचा साधा पांढरा गॉगल 120. स्लॅग, म्हणजे जोडावर जमणारी खपली, हातोडीनं उडवताना स्क्रीन वर असतो, तेव्हाच गरम कपची डोळ्यात जाते, म्हणून गॉगल स्क्रीनच्या आत कायम घालून ठेवायचा. स्क्रीन मात्र मी ऑटोवाली घेतली, 2,400, जाळ पेटला की आपोआप काळी होते. लोक म्हणतात एक क्षण उशीर झाला तर? चांगल्या कंपनीच्या काचेत अतिनील अडवणारा थर कायम असतो, काळी झालेली असो नसो. महत्त्वाचं म्हणजे टॅक मारताना मान हलवून स्क्रीन पाडायची भानगड नाही, त्यामुळं डोळे मिटून टॅक मारायचा मोह होत नाही. रोज सुरू करायच्या आधी उजेडाकडं धरून काळी होते का बघते.

धुराला आपल्याकडं कुणी मोजतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 2017 साली वेल्डिंगचा धूर कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलाय. 2,900 चा एक्झॉस्ट फॅन भिंतीत बसवला, असा की धूर माझ्या तोंडावरनं न जाता बाजूनं जाईल. तोंड धुराच्या वर न्यायचं नाही, बाजूला राहायचं. तोंडावर रुमाल बांधून काही अडत नाही, कण फार बारीक असतात, निदान एन-95 पाहिजे.

जुलैच्या शेवटी 200 अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन आणलं, 11,800 रुपये. वरचे आकडे जोडून बघितले तर मशीनच्या आधीच त्याच्या तिपटीपेक्षा जास्त खर्च झालाय. कर्ज काढताना, घरात बजेट मांडताना हे धरून चला.

पहिलं बाहेरचं काम गणपतीच्या आधी आलं, 27 ऑगस्टला गणपती होते, शेजाऱ्यांना गेट पाहिजे होतं आणि पाईप त्यांनीच आणलेला, जीआय. जीआयवरचा जस्ताचा थर जळला की पांढरा धूर निघतो, तो ओढला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते, लोक समजतात पावसाचा ताप. दूध पिऊन तो टळत नाही. मी जोडाच्या दोन्ही बाजूंचा थर ग्राइंडरनं काढला, मास्क लावला, उघड्यावर काम केलं आणि नंतर त्या जागी झिंकचा प्रायमर मारून दिला. यात अर्धा दिवस जास्त गेला, त्याचे पैसे मी आधीच सांगून घेतले आणि त्यांनी दिले. ग्राइंडरचं गार्ड काढायचं नाही, आणि चाकावर लिहिलेला वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा कमी असला तर ते चाक लावायचं नाही.

ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असेल तर आधी सोडवून घेते. ट्रॅक्टरवरच काम असेल तर बॅटरीच्या तारा काढायच्या, निगेटिव्ह आधी, आणि क्लॅम्प जोडाच्या जवळ, घासून चकचकीत केलेल्या जागी. लांब लावला तर करंट बेअरिंगमधनं वाट काढतो आणि बेअरिंग खराब होतं.

गणपतीनंतर एक पाहुणे डिझेलची टाकी घेऊन आले, वहिनी नुसता एक टाका मारा म्हणाले, रिकामीच आहे. मी नाही म्हटलं. रिकाम्या टाकीतच वाफ असते, भरलेलीपेक्षा रिकामी जास्त धोक्याची, आणि नुसती धुऊन ती जात नाही, पत्र्याच्या दुमडीत राहिलेलं डिझेल तापलं की परत वाफ करतं. त्यांना वाईट वाटलं, चहा घेऊन गेले. सासूबाई दारातच होत्या, त्यांनी पाहुण्यांना त्या बॅरलची गोष्ट सांगितली.

भाजलं तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही. शॉक लागला तर माणसाला हात न लावता आधी मेन स्विच, म्हणून घरात सगळ्यांना, लहान पोरांनासुद्धा, मेन स्विच कुठला ते दाखवून ठेवलंय आणि बोर्डावर लाल रंगानं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलंय. 108 आणि 112 हे नंबरही तिथंच.

सध्या दिवसाला एखादं-दुसरं काम येतं, ऊसतोडणी सुरू झाली की ट्रॉल्या वाढतील. एक गोष्ट अजून राहिलीय. अर्थिंगचा साडेतीन ओहमचा आकडा जूनमधला, जमीन भिजलेली असतानाचा. उन्हाळ्यात माती वाळली की तो चढतो, आणि खरा आकडा तोच धरायचा. कॉन्ट्रॅक्टरला एप्रिलमध्ये परत टेस्टर घेऊन ये म्हणून आत्ताच सांगून ठेवलंय, पाचाच्या वर गेला तर तिसरा पाईप घालायचा, जागा आखून ठेवलीय.